लांब बाह्यांचं पोलकं

आई,

माझ्या नातीच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. काल दुपारी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट समोर ठेवून तसं स्पष्ट सांगितलं. सहा महिने गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही, पोरगी बरी होईल, असंही म्हणाल्या. उद्या त्यांच्याकडची आरोग्यसेविका घरी येणार आहे, सगळ्यांना तपासायला. मुख्य म्हणजे माझ्या तीन वर्षांच्या पणतीला, कारण ती आत्याच्याच, म्हणजे या नातीच्याच कुशीत झोपते. घरी आल्यावर सून म्हणाली, "आई, उद्या ती बाई आली ना, की सांगा, दोघी बदलापूरला मावशीकडे गेल्यात. हिच्यासाठी स्थळं बघतोय आपण. बिल्डिंगमध्ये कळलं तर फुकटची बोंबाबोंब." बदलापूर ऐकलं आणि तू आठवलीस.

मी तेव्हा चौथीत होते. बाबा कारखान्यात, तू, बाबा, मी आणि धाकटा भाऊ असे आपण चौघं, बुवापाड्यातल्या एका खोलीत. बाबांच्या खोकल्याला आपल्या घरात नाव नव्हतं. त्यांचा पेला आणि ताटली तू वेगळी ठेवायचीस, राखेने घासून वर कढत पाणी ओतायचीस. मी चुकून त्या पेल्याला हात लावला की पाठीत धपाटा बसे. आणि खोकला शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून तू खिडकी लावून घेतलीस, फटींत चिंध्या कोंबल्यास. त्या बंद खोलीत धाकटा बाबांच्या पोटाशी झोपायचा, नाहीतर त्याला झोपच येत नसे. पेला वेगळा आणि हवा एकच. हा रोग उष्ट्यातून येतो असंच तेव्हा सगळे धरून चालायचे. तुला दुसरं कोणी काही सांगितलंच नव्हतं.

गावातल्या डॉक्टरकडे जायची सोय नव्हती, तिथल्या बाकावर कारखान्यातलं कोणी ना कोणी बसलेलं असायचंच. म्हणून बाबा उल्हासनगरला जात, निर्वासितांच्या बराकीतल्या एका सिंधी डॉक्टरकडे, सुया घ्यायला. एकदा मीही गेले होते. सुई उकळत्या पाण्यात टाकता टाकता म्हातारा कंपाउंडर म्हणाला, "साईं, बीच में मत छोड़ना. बुखार चला जाएगा, बीमारी अंदर बैठी रहेगी." बाबा हसले. "नहीं छोड़ेगा," म्हणाले. दोन महिन्यांत त्यांच्या अंगावर मांस चढलं, तू मारुतीला नारळ फोडलास, आणि सुया थांबल्या. खोकला पुन्हा आला तेव्हा खिडकीच्या चिंध्या तशाच होत्या.

त्याच सुमारास शाळेत टोचणीवाले आले. आमच्या बाई म्हणाल्या, "आज नुसती चाचणी. तीन दिवसांनी सूज मोजणार. ज्याला जास्त सुजेल त्याच्या घरी कोण खोकतं ते विचारणार." दुसऱ्याच दिवशी माझा डावा हात मनगट आणि कोपराच्या मधे लालभडक उठला. तू चुलीपाशी बसली आहेस, माझा हात तुझ्या मांडीवर आहे, हळदीची बोटं त्या गाठीवर फिरताहेत.

"कोणाला दाखवलास?"

"कोणाला नाही."

"दाखवायचा नाही. कारखान्यात कळलं तर त्यांना गेटातून आत घेणार नाहीत. मग ही खोली पण गेली समज."

त्याच दुपारी तू जुन्या लुगड्याचं पोलकं शिवलंस, मनगटापर्यंत बाह्यांचं. मला नवं पोलकं मिळालं याचाच आनंद. मोजायच्या दिवशी तू मला घरी ठेवलंस. शाळा सुटल्यावर बाई दारात आल्या, तेव्हा मी ते पोलकं घालून पत्र्याच्या पेटीमागे दडले होते.

"पोरगी कुठाय?"

"बदलापूरला, मामाकडं."

"अहो, तिचं मोजायचं राहिलं. लपवाछपवी नाही ना काही?"

"आमच्यात कसली हो लपवाछपवी? या ना, च्या घ्या."

बाई चहा न घेता गेल्या.

चारेक महिन्यांनी धाकट्याला ताप आला. तो चिडका झाला, ओकायला लागला, मग त्याची मान ताठली. मुंबईच्या इस्पितळात नेईपर्यंत तो तुला ओळखत नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात खोकतं कोण?" आणि बाबांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. परत येताना आपण तिघंच होतो. घरी आल्याबरोबर तू खिडकीच्या चिंध्या उपटून काढल्यास. बाबा त्यानंतर तीन वर्षं जगले. तू खूप जगलीस, आणि तांदूळ निवडताना मधेच थांबून म्हणायचीस, "त्या दिवशी तुला शाळेत धाडलं असतं तर." मी म्हणायचे, "जाऊ दे ना आई." याहून जास्त मी कधी बोलले नाही, आणि ते का, ते तुला सांगायचं राहिलं.

बाई चहा न घेता गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला नळावर भेटल्या. तू नव्हतीस. "काय गं, आलीस वाटतं मामाकडून? दाखव बघू हात." मी घागर खाली ठेवली आणि बाही वर केली, उजवी. बाईंनी बोटाने चाचपून पाहिलं आणि म्हणाल्या, "काही नाही उठलेलं. सुटलीस बाई." त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता की मलाही हसू आलं. सुई कुठल्या हातात टोचली होती, ते त्यांच्या लक्षात नसावं. माझ्या होतं. तू मला घरी ठेवलंस तो एकच दिवस होता. दुसऱ्या दिवशी सांगायची संधी पुन्हा समोर आली होती, ती मी घालवली. त्या सकाळी डावी बाही वर केली असती तर धाकटा वाचला असता की नाही, ठाऊक नाही. पण तू आयुष्यभर एकटीने जे वाहिलंस त्यातला अर्धा वाटा माझा होता, आणि तुला तो मी दिला नाही.

नातीला मी सकाळी एवढंच म्हटलं की खिडकी उघडी ठेव. "आजी, डास येतात," ती म्हणाली, पण उघडली. उद्या दहाच्या सुमारास बेल वाजेल. सून तेव्हा कामावर गेलेली असेल. तिला अजून सांगितलेलं नाही, पण पणतीला कडेवर घेऊनच मी दार उघडणार आहे.