करीनच्या नावाचं लाल कुलूप

डुलुथ, १९ जानेवारी

प्रिय थोरले बंधू टोइवो,

धाकट्या आर्वोचा नमस्कार घे. तुझा गुडघा, तुझी साखर आणि तुझ्या अंगणातलं संत्र्याचं झाड ही तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो, कारण तुझ्या पत्रात तिन्हींपैकी फक्त झाडाचाच उल्लेख आहे. आमची खुशाली म्हणशील, तर सरोवर क्षितिजापर्यंत गोठलंय, बाहेर उणे सव्वीस आहे आणि घरात मी आहे. तुझ्या आमंत्रणाचं (ॲरिझोनाला ये, खोली तयार आहे, एप्रिलपर्यंत राहा) उत्तर शेवटी देतो. आधी गाऱ्हाणं ऐक, कारण या सगळ्याच्या मुळाशी तू आहेस.

दोन वर्षांपूर्वीचा नाताळ आठव. करीनचं विम्याचं ऑफिस चौदा वर्षांनी तिला घरी बसवून मोकळं झालं होतं आणि माझी लेक जेवणाच्या टेबलाशी ताटातले वाटाणे मोजत बसली होती. मी तिला काय दिलं? सरोवरावरच्या कवितांचा चामडी बांधणीचा संग्रह. तू काय दिलंस? वायरमन म्हणून पस्तीस वर्षं कमरेला बांधलेला तुझा हत्यारांचा पट्टा. तिनं कविता उशाशी ठेवल्या आणि पट्टा बांधून आरशासमोर उभी राहिली. पुढचं तुला ठाऊक आहे. बीजगणिताची परीक्षा झाली (माझ्याच वर्गात तिला अपूर्णांक कधी जमले नव्हते), मुलाखत झाली आणि गेल्या ऑगस्टपासून बाईसाहेब वायरमनांच्या युनियनमध्ये पाच वर्षांसाठी शिकाऊ आहेत. एकोणचाळीस वर्षांच्या, दोन लेकरांच्या आईला सत्तावीस वर्षांचा फोरमन ‘ए पिल्लू’ म्हणून हाक मारतो. पहिल्या वर्षाच्या सगळ्यांनाच म्हणतात म्हणे. तुलाही म्हणत असतील. तू कधी बोलला नाहीस.

ती पहाटे पावणेपाचला निघते. (तिचा नवरा डेन्व्हरला कामाला म्हणून गेला तो तिथलाच झाला, हे वेगळं सांगायला नको.) म्हणजे लीसाच्या वेण्या, ओवेनचे हरवलेले बूट आणि दोघांची न्याहारी ही माझ्याकडे. युनियनचा नियम असा, की शिकाऊ माणूस तिसऱ्यांदा उशिरा आला किंवा काम टाकून गेला, तर त्याला समितीपुढे उभं राहावं लागतं, आणि समिती नाव काढून टाकू शकते. करीनच्या नावावर दोन खुणा होत्याच. पहिली ओवेनच्या तापाची. दुसरी माझी. पहाटे सरोवरातून ती पांढरी वाफ उठते ना, ती खिडकीतून बघताना मला शाळेतल्या एका कडव्याची पहिली ओळ आठवली आणि दुसरी आठवेना. ती आठवेपर्यंत चुलीवरची लापशी जळली, धुराची घंटा ठणाणा वाजायला लागली, लीसानं फोन केला आणि करीन अर्ध्या रस्त्यातून परत आली. दुसरी ओळ अजून आठवलेली नाही.

आता कुलपाची गोष्ट. रविवारी तिनं फ्रिजमागचा ठिणग्या उडवणारा सॉकेट उघडला. आपण मेन बोर्डावरचा खटका खाली करतो आणि काम करतो. ही नाही. हिनं तळघरात जाऊन खटका पाडला आणि त्यावर स्वतःचं लाल कुलूप ठोकलं. वर पाटी, पाटीवर तिचा फोटो, नाव आणि युनियनच्या कार्यालयाचा फोन. ज्यानं कुलूप लावलं त्यानंच ते काढायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा तुम्हा लोकांचा सोवळ्याहून कडक नियम. मी म्हटलं, हे घर आहे, इथे कोण कुणाला शॉक देणार? तर म्हणते, “बाबा, सवय घरात लागते.” (हे वाक्य माझंच आहे. मी एकतीस वर्षं पाचवीच्या पालकांना ऐकवत होतो.) नवा सॉकेट बसेना, दुकानं बंद झाली, काम राहिलं. सोमवारी पहाटे ती कामावर गेली आणि कुलपाची किल्ली तिच्या पट्ट्याला लटकून तिच्याबरोबर गेली.

सकाळी सातला कळलं, की कॉफीचं यंत्र त्याच खटक्यावर आहे.

टोइवो, आपल्या फिनिश लोकांना तू ओळखतोस. सूर्य नसला तर आम्ही चालवून घेतो, कॉफी नसली तर नाही. मी गॅरेजमधून तुझीच लोखंड कापायची मोठी कात्री आणली आणि तळघरात उतरलो. जिन्यावर लीसा उभी. नऊ वर्षांची पोर, एक वेणी घातलेली, एक व्हायची.

“आजोबा, त्यावर तुमचं नाव आहे का?”

“माझ्या मुलीचं आहे.”

“मग तुमचं नाही.”

मी तिला सांगितलं, मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नये. तिनं ऐकलं. नाक न खुपसता वर गेली आणि पाटीवरचा नंबर फिरवला. “माझे आजोबा माझ्या आईचं कुलूप कापताहेत,” एवढंच म्हणाली. कार्यालयानं फोरमनला कळवलं, फोरमननं करीनला शिडीवरून खाली बोलावलं. तिला वाटलं मी चिकटलो. वीस मिनिटांत ती दारात. मी टेबलाशी, कुलूप दोन तुकड्यांत, कॉफी गरम. फ्रिजमागे उघड्या तारा जिवंत, आणि त्यांच्यापासून दोन हातांवर ओवेन जमिनीवर गाडी खेळत बसलेला.

तिनं आधी ओवेनला उचललं, मग खाली जाऊन खटका पाडला. मग म्हणाली, “तिसरी खूण, बाबा.” मला तेव्हापासून कॉफी गोड लागत नाही.

गुरुवारी समिती होती. वडिलांना आणू का, असं करीननं विचारलं तर अध्यक्ष म्हणाले, आणाच. गेलो, तर अध्यक्षांच्या खुर्चीत डेल क्रोनस्टाड. चौऱ्याऐंशी सालचा माझा विद्यार्थी. शुक्रवारच्या पाठांतराला तिसरं कडवं विसरला होता, कुणीतरी मागून सांगायला गेलं तेव्हा मी म्हटलं होतं, माझ्या वर्गात मागून सांगणं चालत नाही, बस खाली. त्याचे कान आजही तितकेच लाल होतात.

“मिस्टर मॅकी,” तो म्हणाला, “उभे राहा. हात मागे. कुलपाचा नियम म्हणा.”

म्हटला. खटका पाडायचा, कुलूप लावायचं. तिसरं काय ते आठवेना. सहा वायरमन बघताहेत, लेकीच्या पाच वर्षांचा प्रश्न, आणि माझ्या डोक्यात नुसती वाफ. मागून करीन हळूच म्हणाली, “वीज गेली का ते तपासायचं.” मी तसं म्हटलं.

डेलनं हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाला, “बसा. आमच्या इथे मागून सांगणं चालतं. नाही सांगितलं तर माणूस मरतो.”

असो. तुझ्या पट्ट्यानं माझी लेक माझ्याकडून हिरावली, माझी सकाळ, माझी कॉफी आणि माझी अब्रूही नेली. गुडघ्याला जप.

तुझा वैतागलेला भाऊ,
आर्वो

ता. क. आमंत्रणाचं उत्तर राहिलं. येणं जमत नाही. करीनचं नाव राहिलं, पण सकाळी घरी एक जबाबदार मोठं माणूस हवं अशी अट पडली. मी सही केली आहे. साडेचार वर्षांची.

दुसरा ता. क. डेलनं मला नीट न्याहाळलं आणि आणखी एका मोठ्या माणसाचं नाव मागितलं, पहिलं माणूस खिडकीतून बघत बसलं तर असावं म्हणून. मी तुझं दिलं. तुला विचारलं नाही. तूही पट्टा देताना मला विचारलं नव्हतंस. एक फेब्रुवारीच्या आत ये. तुझा जुना कोट उन्हात टाकला आहे, ऊन नाही ही गोष्ट वेगळी.

तिसरा ता. क. करीननं बोर्डाशेजारी खुंट्यांची रांग ठोकली आहे. तिचं नवं लाल कुलूप, माझं निळं, लीसाचं पिवळं. चौथी खुंटी रिकामी आहे. कुणाची म्हणून विचारलं तर म्हणाली, “काकांची.” तुझं कामावरचं जुनं पितळी कुलूप घेऊन ये. एकदा लावलंस की या घरात ते दुसरं कुणी काढणार नाही.