येवल्याला गेलेली आई

नाशिक,
९ डिसेंबर १९८१

ती. सुलाताईस धाकट्या जयरामचा सप्रेम जयभीम.

दाजींचा गुडघा कसा आहे? (मागच्या पत्रात तू लिहिलंस की ते आता जिना चढतात, पण तुमच्या घराला जिनाच नाही, म्हणून विचारतो.)

आधीच सांगतो, लता बरी आहे, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव घाबरा व्हायला नको. गेल्या आठवड्यात सोमवारी पोटात कळ आली म्हणून तिला दवाखान्यात दाखल केलं. पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन ठरलं. संघमित्रा नऊ वर्षांची, तिला कशाला भेदरवा, म्हणून मी सांगून टाकलं की आई येवल्याला आत्याकडे, म्हणजे तुझ्याकडे गेली. इथंच घोटाळा झाला. पोरीनं वाचनालयातून एक कादंबरी आणलेली. मुलांसाठीचीच, पण दोन पानं चाळून मीच ती मिटून ठेवली. त्यात काळ्या तळ्याखालची राणी पोरांच्या आया पळवते आणि घरातली मोठी माणसं पोरांना सांगतात, आई गावाला गेली. (इतकं हुबेहूब कुणी लिहावं?) मग मुलगी एकटी तळ्यात उतरते.

आणि मी रोज सकाळी डबा घेऊन निघायचो! येवल्याला गेलेल्या बाईला नाशकात डबा कशाला, हे माझ्या डोक्यात आलं नाही, तिच्या आलं. गुरुवारी शाळा बुडवून, दप्तरात टॉर्च घालून (भर सकाळी!) ती द्वारका चौकापासून माझ्या मागं चालत आली. मी सापडलो दवाखान्याबाहेरच्या बाकावर. ताई, तुला म्हणून सांगतो, दाखल केल्यापासून मी आत पाऊल टाकलं नव्हतं. आपली आई गेली तेव्हापासून फिनेलचा वास आला की मला घेरी येते. डबा आत न्यायच्या त्या दवाखान्यात कामाला असलेल्या भागीबाई.

"बाबा, येवला इथंच आहे का?"

मी सगळं खरं सांगितलं. वाटलं, आता रडेल. पण तिनं विचारलं, "तुम्हाला भीती वाटते?"

"हो."

"मलापण. चला."

माझं बोट धरून निघाली. लहान मुलांना आत बंदी आहे म्हणून भागीबाईंनी अडवलं, तर म्हणाली, "मी बाबांना सोडायला आलेय."

लता भिंतीकडे तोंड करून पडली होती. ऑपरेशनला ती नाहीच म्हणत होती. नवरा भेटायलासुद्धा येत नाही, म्हणजे आपलं काही खरं नाही, असं तिनं मनात धरलेलं. पोरीला बघून ती रडली, मग माझा पांढराफटक चेहरा बघून पोट धरून हसली. संघमित्रानं विचारलं, "तू परत येणार ना?" लतानं डॉक्टरांचा कागद मागवला आणि सही केली. शनिवारी ऑपरेशन सुखरूप झालं. मी दाराशीच उभा होतो. (एकदाच पडलो.)

कादंबरी आता लता वाचतेय. तळ्याचं प्रकरण आलं की मायलेकी मला बाहेर पाठवतात.

तुझा,
जयराम

ता.क. बाकाचा भाग दाजींना वाचून दाखवू नकोस.

ता.क. २. मुद्दा राहिलाच. पडलो तेव्हा डॉक्टरांनी मलाही तपासलं. हर्निया आहे, मंगळवारी ऑपरेशन. लताला अजून सांगितलेलं नाही. तू सोमवारच्या पहिल्या एस.टी.नं ये. चाळिशी उलटली माझी, पण तू आल्याशिवाय मी दाखल होणार नाही.