घुग्घुसवरून वळसा

प्रिय रिना,

सप्रेम जयभीम. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, हे आपण एका बाकावर बसायचो तेव्हापासून तू ऐकवत आलीस, तेव्हा थोडं सोसून घे. प्रफुलदादाशी तुझं मीच जुळवलं, पण लग्नानंतर तुला वहिनी म्हणायला माझी जीभ काही वळली नाही.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्यांसमोर तू मला विचारलंस, "सरळ रस्ता होता त् फिरवलं काऊन? एकटा भेत भेत गेला असन तो." हेलिकॉप्टरमधल्या नर्सनं तुला सांगितलं ते खरं आहे. मुलचेऱ्याहून नागपूरला निघालेलं हेलिकॉप्टर मीच घुग्घुसकडे वळवलं.

नागपूर विमानतळावर बसल्या जागी उजवं-डावं सांगायची नोकरी, असं तू चिडवायचीस. आहेच तसं. उत्तरेपासून अंश मोजून आम्ही पायलटला नाक कुठं धरायचं ते सांगतो, त्याला हेडिंग म्हणतात. एकदा हेडिंग दिलं की मी दुसरं देईपर्यंत तो तसाच जात राहतो, माझ्या भरवशावर. रडारवर मला दिसतो फक्त एक ठिपका आणि शेजारी त्याचा नंबर. आत कोण बसलंय ते कळत नाही. ड्युटीवर फोन बाहेर कपाटात ठेवावा लागतो. मोहफुलं वेचणाऱ्या बायांना वाचवायला गेलेल्या आपल्या फॉरेस्ट गार्ड दादाला अस्वलानं फाडलं, हे घरातल्या सगळ्यांना कळलं होतं. मलाच नव्हतं.

पायलट म्हणाला, पेशंट गंभीर आहे. मी इंदूरच्या विमानाला दूर फिरायला लावलं आणि हेलिकॉप्टरला पहिला नंबर दिला. पण समोर उमरेडवर गारांचा ढग उभा होता. मी डावीकडे वळायला सांगितलं, हेडिंग दोनशे सत्तर, म्हणजे थेट पश्चिम. सरळ आणलं असतं तर दादा वाचला असता का, मला माहीत नाही. हा प्रश्न मी रोज घेऊन झोपते. सरळ आणलं असतं तर सगळेच गारांत सापडले असते, एवढं मात्र माहीत आहे.

थोड्या वेळानं पायलट म्हणाला, पेशंट सारखा काऊन काऊन करतोय, मला काही समजत नाही. त्यानं पेशंटचं बोलणं तुटक तुटक ऐकवलं तेव्हा मला कळलं. खिडकीतून त्याला कारखान्याच्या चिमण्या दिसल्या होत्या आणि तो विचारत होता, नागपूरले जाऊन राह्यलो त् घुग्घुस काऊन दिसून राह्यलं? रिना, मी हसले. आपल्याकडचा कोणीतरी आहे म्हणून बरं वाटलं मला. त्याच्या कानाला हेडफोन लावा म्हटलं, आणि नियम सोडून बोलले, "भाऊ, ढगाले वळसा घालून राह्यलो. भेऊ नोका. पोचवतो तुमाले बराबर." मग ढग मागे पडल्यावर उत्तरेचं हेडिंग दिलं आणि पुढे हेलिकॉप्टर उतरवून घेणाऱ्या टॉवरकडे सोपवलं. आपल्याकडे अनोळखी माणसाला भाऊच म्हणतात. सख्ख्या भावाला मी अनोळखी समजून भाऊ म्हटलं, आणि दवाखान्याच्या वाटेवर तो गेला.

काल तो पायलट मला भेटायला आला. मला सगळं माहीत असेल असं त्याला वाटत होतं. मला काहीच माहीत नव्हतं, आणि तुलाही नाही, म्हणून आज लिहायला बसले. माझा आवाज ऐकून दादा हसला म्हणे. मग हेडफोनच्या माइकात त्यानं जे सांगितलं, ते फक्त पायलटला ऐकू गेलं, माझ्यापर्यंत आलंच नाही. काल ते पायलटनं मला त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत जसंच्या तसं म्हणून दाखवलं, "हे त् मायी बहीण हाय. फिरवू द्या तिले किती फिरवाचं ते." त्यानंतर त्यानं खिडकीबाहेर पाहिलंच नाही, डोळे मिटून निवांत पडून राहिला.

तुझीच,
करिष्मा