बाविसानंतर सत्तावीस

मास्तर, प्लेगच्या पहिल्या साथीत तुम्ही गेलात तेव्हा मला वाईट वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही. हे आधी सांगून टाकतो, उगाच पुढे गैरसमज नको. आमच्या वस्तीतली म्हातारी माणसं अजून म्हणतात, "मास्तर देवमाणूस. आपल्यात येऊन शिकवायचा." येत होतात, खरं आहे. थोरल्या शाळेने ठेवून घेतलं असतं तर आला असतात का, हे कोणी विचारत नाही. तिथे जो मास्तर नको झाला तो आम्हाला, तिथे जे पुस्तक फाटलं ते आम्हाला, आणि तिथला फळा तडकला तेव्हा त्याचा अर्धा तुकडा आम्हाला. मधलं अंतर तीनशे चाळीस पावलांचं. मी मोजलंय. महाराज तेव्हा नुकते गादीवर आले होते. या तीनशे चाळीस पावलांपर्यंत त्यांची नजर पोचायला बरीच वर्षं जायची होती.

वर्गात आम्ही अकरा जण आणि तिसरीचं पुस्तक एकच. थोरला मुलगा मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी मागून म्हणायचं, आणि तुम्ही खुर्चीवर तोंडात पान धरून डोळे मिटून बसायचात. पाटी तपासायची झाली तर ती जमिनीवर ठेवून आम्ही चार हात मागे सरायचं, मग तुम्ही वाकून बघणार. पायांत मात्र माझ्या वडिलांनी शिवलेल्या वहाणा. दिवसभर कर्रकर्र वाजवत फिरायचात. आमच्या हातचं कातडं चालत होतं, पाटी चालत नव्हती. हा हिशेब मला बाराव्या वर्षीही कळत नव्हता आणि आताही कळत नाही.

त्या पुस्तकात एक राजा शिकारीहून परततो आणि नदी उतरायला नावेत बसतो. "नाव भर पात्रात आली आणि" इथे बाविसावं पान संपतं. पुढल्या पानावर पहिलीच ओळ, "झुडपाच्या आडोशाला अंडी घालते व ती महिनाभर उबवते." अकरा पोरं हे एका दमात, सूर लावून म्हणायची. मी एकट्याने पानांचे आकडे बघितले आणि तुमच्यासमोर येऊन उभा राहिलो.

"मास्तर, बाविसाच्या म्होरं एकदम सत्तावीस हाय. मधली पानं न्हाईत."

तुम्ही एक डोळा उघडलात. "पुस्तक मिळालं हेच नशीब समज. पानं मोजायला येतोस का शिकायला?"

"पर नाव अंडी कशी घालंल?"

"तुझा बाप कातडं कापतो तेव्हा त्याला विचारतोस का, म्हैस कशी मेली? लिहिलंय ते म्हण."

थोरल्या शाळेत तेच पुस्तक अखंड होतं. दुपारच्या सुट्टीत जाऊन ती चार पृष्ठं उतरवून आणायला तुम्हाला अर्धा तास लागला असता, आणि अक्षर तर तुमचं असं की दगडावर कोरावं.

मग इन्स्पेक्टरसाहेब आले. त्यांनी नेमका राजाचाच धडा विचारला आणि अकरा पोरांनी खणखणीत आवाजात नावेला अंडी घालायला लावली. साहेब डोळे पुसेपर्यंत हसले. साहेब हसले म्हणून पोरंही हसली. त्यांना वाटलं, धडा आवडला. मी तुमच्याकडे बघत होतो. एक वाक्य पुरेसं होतं, साहेब, पुस्तकात पानं नाहीत. तुम्ही हात जोडून म्हणालात, "काय करणार साहेब, या लोकांच्या डोक्यात एवढंच राहतं." साहेबांनी शेरा लिहिला की मुलांची ग्रहणशक्ती बेताची आहे. त्या शेऱ्यामुळे आमच्याकडे चौथीचा वर्ग उघडलाच नाही. आधी पानं काढून घ्यायची, मग पोरांना पानं येत नाहीत म्हणायचं, आणि मग पुस्तकच बंद करायचं. पुढे मी भल्याभल्यांना हेच करताना पाहिलं, पण पहिल्यांदा पाहिलं ते तुम्हाला.

माझी शाळा तिथे संपली. वडील वहाणा शिवायचे, मी पुस्तकं शिवायला लागलो, आरी तीच. बांधायला आलेलं प्रत्येक पुस्तक आधी वाचायचं आणि मग शिवायचं, हा माझा नेम. या कामाच्या सातव्या वर्षी तिसरीचं ते पुस्तक अखंड हाती आलं. राजा सुखरूप पैलतीरी पोचतो. अंडी लांडोर घालते. आमच्या पुस्तकातून, एकत्र शिवलेल्या पानांच्या दुसऱ्या जुडीच्या अगदी पोटातला, दुमडलेला एक कागद तेवढा गळला होता. दोरा तुटला की तोच पहिल्यांदा सुटतो. दोन टाक्यांचं काम. आज या शहरात माझ्याइतकी ताठ पाठ कोणी बांधत नाही, आणि हे मला कोणी शिकवलेलं नाही.

तुम्हाला आजच लिहायचं कारण वेगळं आहे. महाराजांचा हुकूम निघालाय की वेगळ्या शाळा बंद, सगळ्या पोरांनी एकाच शाळेत बसायचं. परवा थोरल्या शाळेचे हेडमास्तर माझ्या दुकानापुढे आले, छत्री उघडी ठेवून रस्त्यातच उभे राहिले.

"तुमच्या वस्तीत अक्षर तुमचंच. एक अर्ज लिहून द्या. आम्ही आमच्या राजीखुशीने मुलांना आहे तिथंच ठेवू इच्छितो, एवढंच. बाकीच्यांचे अंगठे घ्या खाली."

"राजीखुशी कुणाची म्हणायची?"

"अहो, मुलांच्याच भल्यासाठी बोलतो मी. आमच्या मुलांत त्यांना अवघडल्यासारखं होईल. आणि अभ्यास झेपायला नको का?"

चार ताव चांगला कागद दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवून ते गेले. हातात दिला नाही. तुमचीच आठवण झाली.

बायकोचं म्हणणं, "अवो, लिवून टाका की. पोरीला तितं कोपऱ्यात बसवत्याल, मारत्याल. हितं निदान आपली मानसं तरी हाईत." तिचं भय खोटं नाही. पोर आठ वर्षांची. ती चुलीपाशी भाकरी खात होती, खाता खाताच म्हणाली, "आबा, त्या शाळंत एकेकाला एकेक पुस्तक देत्यात म्हणं. खरं हाय व्हय?"

"खरं हाय," म्हटलं.

"सगळ्या पानांचं?"

उद्या सकाळी अंगठे उठवायला माणसं माझ्या दारात जमतील. अर्ज नाही, हे त्यांना मी सांगेन, आणि पोरीला घेऊन ती तीनशे चाळीस पावलं चालेन. मागून कोण येतं ते बघू. हेडमास्तरांचा कागद मी तुमच्यावर खर्च केला. तुमच्यासाठी माझा स्वतःचा कागद काढायची माझी तयारी नव्हती.

आता एकच सांगायचं राहिलं. बोरू छाटायला मला तुम्हीच शिकवलंत. पहिला बोरू तुम्ही वरून माझ्या ओंजळीत टाकलात आणि म्हणालात, "अक्षर तरी नीट काढ." या पहिल्या तावाच्या पाठीवर, मास्तर, परवाच्या अडीच ओळी आहेत. "आम्ही आमच्या राजीखुशीने" इथून सुरू होतात. पोरीने विचारायच्या आधी लिहिल्या होत्या. अक्षर फार सुरेख आलंय.