वरच्या वस्तीची मतं

मु. कामिसावा,
१० जुलै १९७४

चि. सौ. फुसाए हीस,
थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? नातीचा खोकला थांबला का? सासूबाईंना ऐकू येत नसलं तरी माझा नमस्कार त्यांच्या कानात ओरडून सांग. आणि तुझे शिगेमित्सुराव दोन घास जेवतात ना? त्यांची चौकशी शेवटी करतोय, कारण तिथेच लेखणी अडते.

तुझी वहिनी बरी आहे. उमे झाडाची आंबट फळं मिठात घालून झाली. यंदा मीठ सढळ पडलं म्हणून मलाच बोलते.

फुसाए, हात दाखवून अवलक्षण केलं मी. या निवडणुकीत जागा दोन, माणशी मत एक, आणि पक्षाने उभे केले दोघे. मतदानाच्या चार दिवस आधी पेपरात आलं, की शिगेमित्सुराव हसत निवडून येणार, तरुण कुवाबारा मात्र काठावर आहे. लगेच पक्षाच्या कचेरीतून फोन आला, की तुमच्या ताटात जास्त झालंय, थोडं त्याला वाढा. मला वाटलं, दोघेही आपलेच. वस्तीच्या सभागृहात सगळ्यांना बसवून मी सांगितलं, की ओढ्यापलीकडच्या घरांनी कुवाबाराचं नाव लिहायचं. म्हातारी ओसुमी म्हणाली, की तिचा हात शिगेमित्सु लिहायला सरावलाय. तिलाही मी गप्प केलं. तीनशे मतं वळवली. शिगेमित्सुराव पडले दोनशे अठरा मतांनी, आणि त्यांच्या लगेच वर, दुसऱ्या जागेवर आला तो कुवाबाराच.

हे त्यांना कळू देऊ नकोस. माझ्यात धीर नाही. माझा राग कर, पण माया पातळ करू नकोस.

तुझा दादा,
तोकुझो

---

१६ जुलै १९७४

ती. दादांस,
फुसाएचा सा. न. वि. वि.

कंबर आहे तशीच आहे. खोकला थांबला. सासूबाईंनी तुमचा नमस्कार ऐकला आणि तोकुझो अजून जिवंत आहे का, असं विचारलं. हे भातावर चहा ओतून कसंबसं गिळतात.

तुमचं पत्र वाचून मी न्हाणीघरात जाऊन रडले. एकदा मला विचारायचं तरी होतंत.

तुम्हाला ठाऊक नाही ते सांगते. तुमच्या वरच्या वस्तीची आणि खालच्या खोऱ्याची मतं एकत्रच मोजली गेली, त्यामुळे कुणाची किती ते कुणालाच कळत नाही. हे मात्र ठरवून बसलेत, की तोकुझोदादांची वस्ती कड्यासारखी उभी राहिली, दगा दिला तो खालच्यांनी. काल यासाकू आले होते. यांचे लढाईतले सोबती, खालच्या खोऱ्यात यांच्यासाठी महिनाभर सायकलवरून कर्णा घेऊन फिरलेले. घसा अजून बसलेलाच आहे. यांनी त्यांना दारातूनच परत लावलं. त्यांनी कलिंगड पायरीवर ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि गेले. ते कलिंगड कापायला हे हात लावू देत नाहीत.

दादा, मी सांगितलं तर ती माहेरची चुगली होईल. म्हणून तोंड मिटून आहे. पण यासाकूंची ती पाठमोरी मान डोळ्यांपुढून हलत नाही. ओबोनला, पितरांच्या सणाला, हे तुमच्याकडे यायचं म्हणताहेत, वस्तीचे आभार मानायला. त्याआधी काय ते व्हायला हवं.

वहिनींना नमस्कार. तुमच्यावरची माया आहे तेवढीच आहे, तिची काळजी करू नका. उत्तर मात्र लगेच टाका, आणि पाकिटावर माझं नाव नको, यांचं घाला, म्हणजे हेच ते फोडतील.

तुमची,
फुसाए