सात दिवसांची पायरी

शनिवार, १० एप्रिल १९२६. बाल्टिमोर
सामान पोचलं. लोखंडी पलंग तीन डॉलर, जुनी शेगडी साडेचार, हमाली साठ सेंट (जास्तच घेतली). देवाच्या कृपेने काही फुटलं नाही. गल्ली लहानशी, शंभर वर्षांपूर्वीच्या विटांची अठरा घरं, प्रत्येक दाराशी पांढरी संगमरवरी पायरी. शेजारणी गुडघे टेकून आपापली घासत होत्या. मी दमले होते. म्हटलं, आपली सोमवारी. नवरा, एमिल, बोटीवर कामाला गेला, महिन्याने येईल. घर फार आवडलं.

रविवार, ११
सकाळी देवळात मिस्साला निघताना पाहते तो माझी पायरी लख्ख! शेजारच्या मिसेस कुदर्ना बादली उचलत होत्या. किती माया! खसखशीचा केक नेऊन दिला. त्यांनी घेतला आणि समोरच्या बोझेनाला म्हणाल्या, बिचारी नीटनेटकी होती गं. आधीच्या भाडेकरणीबद्दल असावं.

मंगळवार, १३
काल कुदर्ना, आज बोझेना. अहो, माझी मी घासते, म्हणून ब्रश धरला. तिने वर पाहिलंच नाही. कुदर्नांना ओरडून म्हणाली, ह्या नव्या लोकांना मरायचंही वळण नाही, मध्ये मध्ये बोलतात! दोघी हसल्या.

बुधवार, १४
वाणी स्लादेक म्हातारा. त्याने हळूच सांगितलं : पोरी, शनिवारी पायरी घासली नाही म्हणजे त्या घरची बाई गेली, असं इथे धरतात. मग शेजारणी सात दिवस घासतात. सातव्या दिवशी तिला पुरायला बाहेर काढतात. तू पहिल्याच दिवशी भांडायचंस. तू केक दिलास. त्यांनी तो मयताच्या घरचा म्हणून घेतला.
घरी येऊन तीनदा जपमाळ ओढली.

गुरुवार, १५
आज स्लादेकला माझं बोलणं ऐकू येत नाही. देवळात पाद्रीबाबांनी मृतांच्या यादीत माझं नाव वाचलं. उभी राहून ओरडले, मी इथे आहे! कुदर्ना म्हणाल्या, श्श, हिला मेलेल्यांत हजेरी द्यायची आताच घाई.

शुक्रवार, १६
दारावर काळं कापड. फाडलं. त्यांनी पुन्हा लावलं. पळून जावं म्हटलं, तर ओल्या पायरीवर पाय ठेवला की पाऊल आपोआप घरात वळतं. चारदा पाहिलं —

शनिवार, १७
सातवा. एमिल, वहीचं हे पान फाडून तुला धाडते, खिडकीतून टाकीन, कुणीतरी — शेजारणी तुला कळवतील मी गेले म्हणून. खोटं आहे. मलाच पत्र लिही, पाकिटावर माझं नाव, म्हणजे मी आहे हे त्यांना —
दोघी आत आल्या. माझा डावा हात धुताहेत. बोझेना म्हणतेय पाणी बर्फासारखं आहे. मला काहीच लागत —
उलट टपाली कळव एमिल, मी अजून