वाटीवरचं फूल

अप्पा, लेकीच्या बारशाच्या वाटीवर माझ्या नावाआधी तुम्ही काय घातलं असतं? 'सौ.' घालता येत नाही, कारण माझं लग्न झालेलं नाही. 'कु.' घालावं तर मांडीवर दीड महिन्याची लेक झोपलीय. 'श्रीमती' म्हटलं तर माय वाटी उचलून माझ्याच डोक्यात घालेल. घरातली पहिली पदवीधर मी, पण या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. तुम्ही चौथी शिकलेले, आणि लातूरच्या गोलाईत भांड्याच्या दुकानाबाहेर पोतं अंथरून वीस वर्षं लोकांची नावं कोरलीत. म्हणून तुम्हालाच विचारतेय.

सुटीत औशाहून तुमच्यासोबत पहिल्या बसनं यायचे मी, ते अजून आठवतं. तुम्ही घागर मांडीवर घेता, मशीन घुंईऽऽ करतं, आणि स्टीलवर पांढऱ्या रेघेतून कुणाची तरी आत्या, कुणाचा तरी मामा उमटत जातो. कुठं चुकलं तर तुम्ही घाबरत नाही. चुकलेल्या रेघेवर पाच पाकळ्यांचं फूल काढता आणि पुढं जाता. गिऱ्हाईक खूश, "वा, फूल बी काढलं की!" फारच चुकलेली भांडी मात्र दुकानदार तुमच्याच गळ्यात घालायचा. त्यामुळं आपल्या मांडणीत इतकी फुलं होती की शेजारणी म्हणायच्या, या घरात भांडी नाहीत, बाग आहे.

आणि तो दिवस. एक म्हातारी वाटी घेऊन आली होती, नातवाच्या बारशाची. तुम्ही सवयीनं विचारलंत, "बापाचं नाव?" ती हळूच म्हणाली, "नुस्तं आईचं घाला." मशीनच्या आवाजात तुम्हाला ऐकू गेलं नाही. तुम्ही ओरडलात, "आं? बापाचं सांगा, बापाचं!" दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. म्हातारीनं वाटी पदरात गुंडाळली आणि गेली. तुम्ही मशीन तसंच टाकून तिच्यामागं स्टँडपर्यंत धावलात. ती सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या वहीची चार पानं फाडून नेलीत आणि सुतळीनं पेन्सिल बांधून ठेवलीत. जो येईल त्याच्यापुढं कागद सरकवायचा, "जे घालायचं ते लिवून द्या." ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं मी लिहून घ्यायचे. एकदा शहाणपणा करून मी एका बाईला विचारलं, "सौ. का कु.?" तुम्ही माझ्यावर एवढे कधीच चिडला नव्हतात. "तिनं सांगितलं तेवढंच लिव. आपण इचारायचं न्हाई. आपण कोरायचं."

आता माझं सांगते. लेकीचा बाप बिलोलीकडचा. नांदेडला एकाच अभ्यासिकेत बसायचो, तिथं ओळख झाली. लग्नाचा विषय निघाला तशी दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांची जात शोधायला सुरुवात केली, आणि आम्ही दोघांनी खोली घेतली. लग्न कधीच करायचं नाही असं नाही. पण कुणाच्या भीतीनं करायचं नाही, हे पक्कं ठरलंय. कॉलेजात मी भाषण केलं होतं, मुलाची ओळख आईबापाच्या लग्नाच्या दाखल्यावर ठरू नये. त्या भाषणाला बक्षीसही मिळालं. तेच वाक्य जन्मनोंदणीच्या खिडकीपाशी म्हणायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडातून फक्त "सर" एवढंच निघालं.

खिडकीतल्या तरुण कारकुनानं लग्नाचा दाखला मागितला. नाही म्हटल्यावर त्यानं याच्याकडं बघितलं. "मग तुम्ही कोण?"

याच्या एका खांद्यावर लंगोटांची पिशवी, दुसऱ्यावर लेक. तो म्हणाला, "बाप."

"ते आम्ही कसं मानायचं?"

दोघांच्या सह्यांचं घोषणापत्र मी पुढं केलं. कारकून ते उलटसुलट करत बसला. शेवटी मागच्या टेबलावरच्या वयस्कर मॅडम उठून आल्या, कागद वाचला आणि त्यालाच म्हणाल्या, "आई म्हणते हाच बाप, बाप म्हणतो मीच बाप. भांडायला तिसरं कुणी नाही. मग तू कशाला भांडून राहिलास?" आणि दाखल्यावर आमची दोघांची नावं आली, अप्पा, जशी आहेत तशी. येताना रिक्षात मी याला सांगितलं, लग्न झालेलं नाही म्हणून कायद्यानं आत्ता पालक म्हणून पहिला हक्क माझा, तुझा नंतर. तो म्हणाला, "मग माझ्याकडं काय राहिलं?" मी म्हटलं, "लंगोट." रिक्षावालाही हसला.

सरकारनं मानलं, पण मायनं मानायचं राहिलं होतं. बाळंतपणाला ती आली होती. "पाप असू दे न्हाईतर पुण्य, डिंकाचे लाडू लागत्यात," म्हणाली आणि आठ दिवस राबली. जाताना नवी वाटी माझ्या हातात दिली. "बापाचं मशीन तुज्याकडंच हाय. नाव घालून ठिव. तुज्या नावाआदी सौ. घाल. एवडं एकच अक्षर. मग मी बारशाला दोन बायका घिऊन येती. न्हाईतर मला औशात त्वांड दावायला जागा न्हाई, मी यायची न्हाई." मायला वाचता येत नाही, पण येणाऱ्या बायकांना येतं.

अप्पा, ती आली नसती तर बारशाला आमचं असं कुणीच नव्हतं. तिकडच्या आत्यानं आधीच कळवलं होतं, यायला जमणार नाही. म्हणून फोनवर मायनं विचारलं, "घातलंस का?" तेव्हा मी म्हणाले, "हाव, घातलंय."

बारशाच्या दिवशी ती दारातूनच म्हणाली, "वाटी आण." अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाली, "वाच." मी वाचलं. लेकीचं नाव, मग माझं नाव, मग त्याचं. बस्स. "सौ. कुटं हाय?"

"नाही घातलं, माय. फोनवर मी खोटं बोलले."

बायका दारात चपला काढत होत्या. माय एकदा त्यांच्याकडं बघे, एकदा वाटीकडं. मग तिनंच वाटी त्यांच्यापुढं धरली. "बगा, लेकीनं सोता कोरलंय." एकीनं वाचून विचारलं, "सौ. राहिलं वाटतं?"

"राहिलं न्हाई, घातलंच न्हाई. लगीन करंल तवा घालंल. आदी पाळणा बांदा."

आत्या नव्हती म्हणून मायच पाळण्यात वाकली, लेकीच्या कानात कुर्रऽऽ केलं, नाव सांगितलं, आणि त्या दोघींनी शेजारणींसकट तिच्या पाठीत असे धपाटे घातले की ती ओरडली, "हळू गं रांडांनो, म्हातारी हाय मी!" इतकं हसणं या खोलीत आजवर झालं नव्हतं.

निघताना मायचं बोट पुन्हा वाटीवर थांबलं. "हितं फूल कशाला? काय चुकलं?"

"काही नाही. शोभेला."

"हाव. तुज्या बापाची बी लई शोभा असायची," ती म्हणाली आणि पिशवी उचलली.

तिला कळलं असावं. तुम्हाला मात्र सांगून टाकते, हा कागद कुठंच पोचणार नसला तरी. मी 'सौ.' घालायलाच बसले होते. 'स' अर्धा झाला होता. मग मी मशीन बंद केलं, वहीचं पान फाडलं आणि तुमचं गिऱ्हाईक असल्यासारखं त्यावर जे घालायचं ते लिहिलं. त्यात माझ्या नावाआधी काहीच नव्हतं. पण अर्धा 'स' काही पुसला जात नव्हता, म्हणून त्यावर पाच पाकळ्या काढल्या, आणि पुढं कोरत गेले.